आंघोळीच्या पाण्याचा हिशेब



ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. आजचे पुष्प गुंफण्यासाठी मला बोलावले, तेव्हा विषय मीच सुचवला. उष्णतेचा धडा फळ्यावरून उतरवून घराघरातल्या न्हाणीघरापर्यंत नेला, तर त्यांच्या कामाशी ते सुसंगत होईल असे मला वाटले. विषय साधा आहे. घरात आंघोळीचे पाणी कशाने तापवावे?

घरांची आणि सोसायट्यांची वीजबिले तपासायची, ऊर्जा कुठे गळते ते शोधायचे, हे माझे काम. त्यामुळे दिवाळीनंतर थंडी पडू लागली की ओळखीपाळखीचे लोक हाच प्रश्न विचारतात; पण तो दुकानात उभे राहून विचारल्यासारखा असतो. कोणत्या कंपनीचा गीझर घेऊ, किती लिटरचा घेऊ, तीन तारे की पाच तारे? माझे म्हणणे असे आहे की हे प्रश्न शेवटचे आहेत. आधी तीन गोष्टी पाहायला हव्यात. पाणी किती लागते, कोणत्या वेळी लागते आणि ते तापते त्या जागेपासून नळापर्यंत किती अंतर आहे. पाणी तापवण्यातली मोठी नासाडी यंत्राच्या पोटात फारशी होत नाही. ती यंत्र आणि बादली यांच्या मधल्या जागेत होते. आज मी जे सांगणार आहे ते सगळे या एका गोष्टीभोवती आहे.

आधी बादलीचा हिशेब करू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, हे सातवी-आठवीत शिकलेले असते. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. पुण्यात जानेवारीत सकाळी गच्चीवरच्या टाकीतले पाणी २० अंशांच्या आसपास असते आणि आंघोळीला ४२ अंश पुष्कळ झाले. वीस लिटरची बादली बावीस अंशांनी तापवायची, म्हणजे ४४० किलोकॅलरी. म्हणजे अर्धे युनिट. हा आकडा लक्षात ठेवा: थंडीत एका माणसाची एक बादली म्हणजे अर्धे युनिट. नागपूरला किंवा नाशिकला कडाक्याच्या दिवसांत टाकीतले पाणी १४ अंशांवर आले, तर हाच हिशेब पाऊण युनिटाच्या जवळ जातो. मुंबईत किंवा रत्नागिरीत मे महिन्यात तो पाव युनिटाच्याही खाली येतो, आणि खरे तर तेव्हा पाणी तापवायची गरजच नसते.

आता शॉवर घ्या. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज सोडतो. आठ मिनिटे त्याखाली उभे राहिले की चार बादल्यांचे पाणी झाले आणि दोन युनिटे गेली. बादली-तांब्याने आंघोळ करणारे चौघांचे कुटुंब सगळे मिळून जेवढी ऊर्जा वापरते, तेवढी एक माणूस शॉवरखाली वापरतो. हा फरक कोणत्याही गीझरच्या ताऱ्यांनी भरून येत नाही. ज्यांना शॉवर हवाच आहे त्यांनी कमी पाणी सोडणारा शॉवर बसवावा. तो गीझरपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो आणि वाचवतो मात्र जास्त.

टाकीवाल्या गीझरकडे वळू. बहुतेक घरांत तोच असतो आणि त्याच्याबद्दल गैरसमजही सर्वांत जास्त आहेत. विजेवर चालणाऱ्या कोणत्याही गीझरमध्ये कॉइलने घेतलेली वीज जवळजवळ पूर्ण पाण्यात उतरते. दीड हजार वॅटचा साधा हीटर रॉड आणि महागडा गीझर यांत या बाबतीत फरक नाही. (रॉडमुळे शॉक लागून माणसे दगावली आहेत, म्हणून ज्या घरात मुले आहेत तिथे तो नको असेच मी सांगतो.) मग तारे कशाचे? ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी टाकीवाल्या गीझरला तारे देते ते पाणी तापून नुसते पडून राहिले असता किती उष्णता बाहेर जाते, ते मोजून. जितके तारे जास्त तितका टाकीभोवतीचा उष्णतारोधक थर चांगला. चोवीस तास गीझर चालू ठेवला तर पंचवीस लिटरच्या टाकीतून दिवसाला साधारण अर्धे युनिट असेच भिंतीला आणि हवेला दिले जाते. म्हणजे घरात नसलेल्या एका माणसाची रोजची आंघोळ. पाच तारे घेतले की ही गळती कमी होते. बटण बंद केले की ती थांबते, आणि बटण सगळ्यांच्या घरात आहे.

किती लिटरचा घ्यायचा, यावर दुकानदार विचारतो, घरात माणसे किती? चार म्हटले की तो पंचवीस लिटरचा काढून देतो. इथेही हिशेब करावा. पंधरा लिटरच्या टाकीत ६० अंशांचे पाणी असेल, तर विसण घालून त्यातून सव्वा बादलीहून जास्त पाणी निघते. दोन हजार वॅटची कॉइल पुढच्या माणसाच्या बादलीची अर्धे युनिट उष्णता पंधरा मिनिटांत भरून देते. चार माणसे एकामागून एक आंघोळ करतात, एकदम करत नाहीत. दोघांत पंधरा मिनिटांचे अंतर पडतेच. तेव्हा बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांच्या घराला पंधरा लिटर पुरतात. मोठी टाकी घेतली की रोज शेवटी दहा-पंधरा लिटर तापलेले पाणी उरते आणि दुपारपर्यंत निवते. शेवटच्या माणसाने आत जाताना गीझर बंद करून जावे. टाकीत साठलेले पाणी त्याला पुरते.

तीन लिटरचा, तीन हजार वॅटचा झटपट तापवणारा गीझर मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्याला चांगला. साठवण नाही म्हणून पडून वाया जाणारी उष्णता जवळजवळ नाही. पण त्याची एक मर्यादा आहे. तीन किलोवॅट म्हणजे मिनिटाला ४३ किलोकॅलरी. मुंबईत २६ अंशांचे पाणी ४० वर न्यायचे तर मिनिटाला तीन लिटर मिळतात आणि सहा-सात मिनिटांत बादली भरते. महाबळेश्वरच्या थंडीत चौदा अंशांवरून सुरुवात केली, तर त्याच बादलीला बारा मिनिटे लागतात. मग लोक कंपनीला दोष देतात. जागा चुकली होती, यंत्र ठीक होते.

आता त्या अर्ध्या युनिटाच्या मागे जाऊ. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी इथल्या औष्णिक केंद्रांत कोळसा जळतो. त्यातली साधारण एक तृतीयांश ऊर्जाच वीज होऊन बाहेर पडते. उरलेली धुरांड्यातून आणि कूलिंग टॉवरमधून हवेत जाते. पुढे तारांमधून येताना आणखी थोडी गळते. एका बादलीमागे तिथे सुमारे ३०० ते ३५० ग्रॅम कोळसा जळतो. उष्णतेची वीज करायची, ती शेकडो किलोमीटर वाहून आणायची आणि न्हाणीघरात पुन्हा तिची उष्णता करायची, हा द्राविडी प्राणायाम आपण रोज सकाळी सहा ते नऊ या वेळात, सगळे मिळून एकदम करतो. याच वेळी सूर्य वर आलेला नसतो, म्हणून सौर विजेची मदतही नसते.

खिशाच्या बाजूनेही पाहा. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने वाढतो. १०० युनिटांपर्यंत एक दर, पुढे ३०० पर्यंत दुसरा, पुढे ५०० पर्यंत तिसरा. गीझरची युनिटे या शिडीच्या वरच्या पायरीवर बसतात, कारण पंखे, दिवे, फ्रीज यांनी खालच्या पायऱ्या आधीच भरलेल्या असतात. तेव्हा गीझर परवडतो की नाही हे पाहताना बिलाची सरासरी काढू नका. तुमचे बिल ज्या टप्प्यावर थांबते, त्या टप्प्याचा दर धरा.

तो दर हातात आला की गॅसशी तुलना करता येते. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून चांगल्या गॅस गीझरने पाण्यात उतरणारी उष्णता सुमारे दीडशे युनिटांइतकी भरते. सिलिंडरच्या किमतीला १५० ने भागा आणि आलेला आकडा तुमच्या वरच्या टप्प्याच्या दराशेजारी ठेवा. पुष्कळ शहरी घरांत गॅस स्वस्त पडतो. पाइपचा गॅस असेल तर एका घनमीटरमागे आठेक युनिटे धरावीत. इंधन थेट जिथे उष्णता हवी तिथे जळते, म्हणून एकूण ऊर्जेच्या हिशेबातही तो कोळशाच्या विजेपेक्षा उजवा ठरतो.

पण इथे मला थांबून बोलायचे आहे, आणि हे बोलणे काटकसरीच्या हिशेबाबाहेरचे आहे. न्हाणीघराच्या आत गॅस गीझर बसवू नका. दार-खिडकी बंद केलेल्या चार बाय सहाच्या खोलीत तो पेटला की आतला प्राणवायू कमी होत जातो, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, गरगरते, हातपाय गळतात. कडी काढायचे भान राहत नाही. दर हिवाळ्यात आपल्या राज्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. त्यांत नवी जोडपी असतात, शिकायला आलेली मुले असतात. आंघोळीला इतका वेळ का लागला म्हणून घरच्यांनी दार ठोठावेपर्यंत सगळे संपलेले असते. गीझर बाहेर, उघड्या हवेत किंवा हवेशीर गॅलरीत लावावा आणि आत फक्त पाण्याचा पाइप यावा. न्हाणीघराला लागून अशी जागा नसेल, तर कितीही पैसे वाचत असले तरी गॅसचा विचार सोडून द्यावा. भाड्याने खोल्या देणाऱ्या घरमालकांनी हे आपले कर्तव्य समजावे, एवढी कळकळीची विनंती आहे.

सौर बंबाबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचे आहे, कारण महाराष्ट्राच्या देशावर तो सर्वांत योग्य आहे आणि सर्वांत जास्त वाईट रीतीने बसवला जातो. आपल्याकडे प्रा. सुहास सुखात्मे यांनी १९८४ मध्ये सौर उष्णतेवर लिहिलेले पाठ्यपुस्तक वाचून अभियंत्यांच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. ज्ञानाची उणीव आपल्याकडे नव्हती आणि नाही. दोन चौरस मीटरच्या संग्राहकावर आपल्याकडे दिवसाला दहा युनिटांच्या आसपास ऊन पडते आणि त्यातले जवळपास निम्मे पाण्यात उतरते. म्हणजे शंभर लिटर पाणी चाळीस अंशांनी तापते. पंप नाही, वीज नाही. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप टाकीत वर चढते आणि थंड खाली येते. संग्राहक दक्षिणेकडे तोंड करून पुण्यात साधारण तीस अंशांच्या उताराने ठेवला, की हिवाळ्यातले खाली सरकलेले ऊन त्यावर नीट पडते. गरज हिवाळ्यात असते, म्हणून उतारही हिवाळ्याचा ठेवायचा.

केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या माहितीत शंभर लिटरच्या सौर बंबामुळे वर्षाला १५०० युनिटे वाचतात असे असते. आकडा खोटा नाही, पण रोज शंभरच्या शंभर लिटर पाणी गीझरऐवजी वापरले तरच तो खरा होतो. पुण्यातल्या बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांच्या कुटुंबाची वर्षभराची गरजच पाच-सहाशे युनिटांची आहे. त्यांची बचत ४०० ते ५०० युनिटे होईल. तरीही वरच्या टप्प्याचा दर धरला तर पाच-सहा वर्षांत पैसे वसूल होतात आणि बंब नीट राखला तर त्याच्या दुप्पट तरी चालतो. सौर बंब विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला हा खरा आकडा सांगावा. खरा आकडाही पुरेसा चांगला आहे.

आता वाईट रीतीने बसवणे म्हणजे काय ते सांगतो. एका सात मजली इमारतीत मला बोलावले होते. गच्चीवर संग्राहकांच्या रांगा, उत्तम टाक्या, पाणी ६५ अंशांचे. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मात्र नळाला गरम पाणी नाही, म्हणून प्रत्येक न्हाणीघरात गीझर. कारण पाइपात होते. पाऊण इंचाच्या पाइपच्या एका मीटरमध्ये सुमारे तिसरा हिस्सा लिटर पाणी मावते. टाकीपासून त्या नळापर्यंत तीस मीटर पाइप, म्हणजे नऊ-साडेनऊ लिटर. रात्रभर निवलेले हे पाणी आधी सोडून द्यावे लागते, अर्धी बादली मोरीत जाते. आंघोळ झाल्यावर तेवढेच तापलेले पाणी पाइपात अडकून पुन्हा निवते. पाइपला आवरण घातले तरी दोन आंघोळींत तास-दोन तासांचे अंतर असले की त्याचा उपयोग थोडा. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला सांगितले की त्या आता सौर नळ उघडतच नाहीत, पाणी सोडून देताना जिवावर येते. दुष्काळी तालुक्यातून आलेल्या माणसाला ते जमणारच नाही, आणि जमू नयेही.

बांधकामाच्या नियमांत सौर बंबाची सक्ती आहे. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही ती तरतूद आहे. नियम गच्चीवर संग्राहक आहे का ते पाहतो. नळाला गरम पाणी किती लिटरांनंतर येते, हे कोणी पाहत नाही. पाइप बारीक हवा, न्हाणीघरे एकावर एक हवीत, टाकी त्या ओळीच्या डोक्यावर हवी आणि इमारत मोठी असेल तर ठरावीक वेळी पाणी फिरते ठेवणारा छोटा पंप हवा. हे सगळे नकाशा काढताना जवळजवळ फुकट होते. नंतर भिंती फोडून करायला कोणी तयार होत नाही. सौर टाकीत बसवलेली विजेची कॉइलही पाहून घ्या. ती चालू राहिली, तर रात्री शंभर-दोनशे लिटर पाणी विजेने तापत राहते आणि बिल सौर बंब नसलेल्या घरापेक्षा जास्त येते. ढगाळ दिवसांसाठी न्हाणीघरातला छोटा गीझर पुरे.

बोअरवेलच्या जड पाण्याचा प्रश्न मराठवाड्यात आणि सोलापूरकडे मोठा आहे. तांब्याच्या बारीक नळ्यांच्या संग्राहकात क्षार बसून नळ्या तुंबतात, म्हणून तिथे काचेच्या निर्वात नळ्यांचा बंब बरा, वर्षातून एकदा धुऊन घ्यायचा. गीझरच्या कॉइलवरही तोच पांढरा थर चढतो. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांच्या मध्ये ठेवला तर तो कमी चढतो. त्याहून बराच खाली मात्र नेऊ नये. साठवलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला हा जंतू वाढतो.

हीट पंपाबद्दल अलीकडे पुष्कळ विचारतात. फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो, तसा हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात आणून टाकतो, आणि एका युनिटात साधारण तीन युनिटांचे काम करतो. उबदार, दमट हवेत तो उत्तम चालतो, म्हणून मुंबई, कोकण, गोवा ही त्याची घरे. पण तो सावकाश तापवतो, मोठी टाकी मागतो आणि महाग आहे. एकत्र कुटुंब, वसतिगृह, छोटे रुग्णालय, कोकणातले पर्यटकांचे घर यांनी तो जरूर घ्यावा. तिघांच्या फ्लॅटला त्याची किंमत वसूल व्हायची नाही. ज्यांनी २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून गच्चीवर वीज देणारी पॅनेले बसवली, त्यांना वेगळा सौर बंब हवाच असे नाही. तेवढ्याच जागेत संग्राहक जास्त उष्णता देतो हे खरे. पण पॅनेलची वीज मे महिन्यातही कामी येते, जेव्हा गरम पाणी कोणालाच नको असते. जागा कमी आणि माणसे जास्त असतील तर संग्राहक, जागा भरपूर असेल तर पॅनेल आणि दुपारी चालणारा गीझर किंवा हीट पंप, असे मी सांगेन.

हे सगळे शहराचे झाले. खेड्यात काय? सिलिंडर आला, स्वयंपाक त्यावर गेला, पण आंघोळीचे पाणी अजून पुष्कळ घरांत चुलीवर आहे. ते साहजिक आहे. काडीकुडी, तुराट्या, नारळाची सोडणे, करवंट्या फुकट मिळतात, आणि आंघोळीसाठी सिलिंडर जाळणे जिवावर येते. पूर्वी मुख्य चुलीशेजारच्या वैलावर पाण्याचे भांडे असायचे. भाकरी होता होता वाया जाणाऱ्या धगीवर पाणी तापायचे. तांब्याच्या बंबात तर मधोमध धुरांडे आणि भोवती पाणी, म्हणजे धग बाहेर जाण्याआधी चहूबाजूंनी पाण्यातून जाते. शेतातल्या टाकाऊ जळणावर चालणारा सुधारित बंब ही जुनाट वस्तू नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी वनविभागातल्या गावांत वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्टने अशा बंबांचा प्रसार केला आहे. लाकूडफाट्यासाठी जंगलात जाणे कमी झाले की वाघाशी गाठ पडण्याची वेळही कमी येते. उघड्या तीन दगडांच्या चुलीवर पाण्याचा हंडा ठेवला की बहुतेक धग हवेत जाते आणि धूर बाईच्या डोळ्यांत जातो.

बाईचा विषय निघाला म्हणून सांगतो. घरांची तपासणी करताना मी एक प्रश्न नेहमी विचारतो: शेवटी आंघोळ कोण करते? बहुतेक घरांत उत्तर एकच येते. सर्वांत आधी उठणारी, पाणी तापवणारी बाई शेवटी आंघोळ करते, आणि तोवर सौर टाकीतले पाणी कोमट झालेले असते, गीझर कोणी तरी बंद केलेला असतो. गरम पाण्याची व्यवस्था निवडताना घरातल्या शेवटच्या माणसाला पाणी पुरेल का, हे आधी मोजावे. ते पुरत नसेल तर व्यवस्था चुकली, मग तारे कितीही असोत.

उद्या सकाळी एक काम करा. न्हाणीघराचा गरम पाण्याचा नळ उघडा, खाली रिकामी बादली ठेवा आणि पाणी गरम होईपर्यंत किती लिटर थंड पाणी जमते ते पाहा. दोन लिटरांच्या आत असेल तर तुमच्या घराची मांडणी चांगली आहे, गीझर बदलायची घाई नको. पाच लिटरांच्या वर असेल तर नवे यंत्र घेण्याआधी पाइप बदला, जुना गीझर नळाजवळ आणा. ज्यांचे घर अजून नकाशावर आहे, त्यांनी आर्किटेक्टला हाच प्रश्न विचारावा आणि उत्तर लिटरात मागावे.